सिनेटच्या खुर्चीचा सौदा : इलिनॉयच्या गव्हर्नरचे पतन आणि त्यानंतरचा हिशेब

९ डिसेंबर २००८ रोजी पहाटे अमेरिकेतील केंद्रीय तपास यंत्रणेचे, म्हणजे एफबीआयचे, अधिकारी शिकागो शहरातील एका घराच्या दारात उभे राहिले. घर होते इलिनॉय राज्याचे विद्यमान गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांचे. उजाडण्यापूर्वीच त्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस होता. ज्या राज्याने अमेरिकेला अब्राहम लिंकन दिले आणि ज्या राज्याचा सिनेटर महिन्याभरापूर्वीच राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला होता, त्याच राज्याचा प्रमुख हातात बेड्या घालून न्यायालयात नेला गेला. ही बातमी त्या दिवशी जगभर पसरली.

त्या घटनेला आता बराच काळ लोटला आहे. खटले झाले, शिक्षा झाली, शिक्षा कमी झाली आणि अखेर २०२५ मध्ये संपूर्ण क्षमादानही मिळाले. प्रकरणाचा कायदेशीर शेवट झाला, असे म्हणता येईल. मात्र या कहाणीतून उभा राहिलेला प्रश्न अजून संपलेला नाही. भ्रष्ट माणसाला सत्तेवरून हटवले म्हणजे भ्रष्टाचार हटतो का, हा तो प्रश्न होय. इलिनॉयच्या अनुभवाने त्याचे जे उत्तर दिले आहे, ते कोणत्याही लोकशाहीतील नागरिकाने समजून घ्यावे असे आहे.

गव्हर्नर म्हणजे राज्यपाल नव्हे

प्रारंभी एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि राज्याचा प्रत्यक्ष कारभार मुख्यमंत्री पाहतात. अमेरिकेतील गव्हर्नर थेट जनतेच्या मतांनी निवडला जातो. तो राज्याच्या कारभाराचा खराखुरा प्रमुख असतो. अधिकारांच्या दृष्टीने त्याची तुलना आपल्या मुख्यमंत्र्याशी करणे अधिक योग्य ठरेल. म्हणूनच या लेखात ‘राज्यपाल’ हा शब्द न वापरता ‘गव्हर्नर’ हाच शब्द ठेवला आहे.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन, असे एकूण शंभर सदस्य असतात. ४ नोव्हेंबर २००८ रोजी बराक ओबामा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि त्याच महिन्यात त्यांनी सिनेटच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. त्यांच्या मुदतीची दोन वर्षे अद्याप शिल्लक होती. त्या वेळी इलिनॉयच्या कायद्यानुसार ही रिकामी जागा भरण्याचा अधिकार केवळ गव्हर्नरचा होता. त्यासाठी पोटनिवडणूक नव्हती, विधिमंडळाची संमती लागत नव्हती. एका माणसाने एका कागदावर सही केली की देशाच्या वरिष्ठ सभागृहातील शंभरांपैकी एक जागा भरली जात होती. हे सारे प्रकरण त्या एका सहीभोवती फिरते.

या अधिकारामागे इतिहासाचा एक विलक्षण योगायोग आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सिनेटचे सदस्य जनता निवडत नसे. राज्यांची विधिमंडळे निवडत असत. १९०९ मध्ये इलिनॉयच्याच विधिमंडळाने विल्यम लॉरिमर यांना सिनेटवर पाठवले. त्या निवडीत आमदारांची मते विकत घेतली गेल्याचे आरोप झाले आणि १९१२ मध्ये सिनेटने ती निवडच रद्द ठरवली. अशा प्रकरणांमुळे लोकमत संतप्त झाले आणि १९१३ साली सतराव्या घटनादुरुस्तीने सिनेटची निवडणूक थेट जनतेच्या हाती दिली. मध्येच रिकामी झालेली जागा तात्पुरती भरण्याचा अधिकार मात्र गव्हर्नरला देण्याची मुभा राज्यांना राहिली. पुढचे दार बंद झाले, पण बाजूची एक खिडकी उघडी राहिली. शंभर वर्षांनी त्याच राज्यात, त्याच सिनेटच्या जागेचा बाजार त्या खिडकीतून मांडला गेला.

पोलाद कारखान्यातील कामगाराचा मुलगा

रॉड ब्लागोयेविच यांचे वडील सर्बियाहून अमेरिकेत आलेले स्थलांतरित होते आणि त्यांनी पोलादाच्या कारखान्यात काम केले. तरुणपणी रॉड यांनी मुष्टियुद्धाच्या स्पर्धांत भाग घेतला, पुढे कायद्याची पदवी मिळवली आणि काही काळ सरकारी वकिलांच्या कार्यालयातही काम केले. त्यांचे सासरे रिचर्ड मेल हे शिकागोच्या नगर परिषदेतील वजनदार सदस्य होते. त्यांच्या पाठबळावर राजकारणाचे दार उघडले. राज्याचे प्रतिनिधीगृह, त्यानंतर वॉशिंग्टनची काँग्रेस आणि नोव्हेंबर २००२ मध्ये थेट गव्हर्नरपद अशी त्यांची चढती कमान होती.

ते कशाच्या बळावर निवडून आले, हे येथे महत्त्वाचे आहे. त्यांच्या आधीचे रिपब्लिकन गव्हर्नर जॉर्ज रायन यांच्यावर भ्रष्टाचाराचे गंभीर सावट होते. रायन हे पूर्वी राज्याचे सचिव असताना त्यांच्या अखत्यारीतील कचेऱ्यांमधून लाच घेऊन अवजड वाहनांचे परवाने दिले जात. त्या पैशाचा काही भाग त्यांच्या निवडणूक निधीत जमा होत असे. १९९४ मध्ये मिलवॉकी शहराजवळ एका मालमोटारीचा सुटा भाग रस्त्यावर पडून मागून येणाऱ्या गाडीला आग लागली आणि एकाच कुटुंबातील सहा मुले मृत्युमुखी पडली. त्या मालमोटारीच्या चालकाला परवाना गैरमार्गाने मिळाला होता, हे पुढे चौकशीत उघड झाले. लाच ही केवळ कागदोपत्री गुन्हा नसते, तिची किंमत कोणीतरी निरपराध माणूस रस्त्यावर चुकवतो, याचे याहून दारुण उदाहरण शोधावे लागणार नाही.

रायन यांच्या कारकिर्दीला दुसरीही बाजू होती, तीही नोंदवली पाहिजे. निरपराध माणसांना फाशीची शिक्षा झाल्याची प्रकरणे उघडकीस आल्यावर त्यांनी २००० साली फाशीच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि २००३ च्या जानेवारीत पद सोडताना राज्यातील सर्व फाशीच्या कैद्यांना मृत्युदंडातून मुक्त केले. एकाच माणसाच्या हातून इतके धाडसी पुण्यकर्म आणि इतका लाजिरवाणा अपराध घडू शकतो. माणसाला पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा रंगवणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. २००६ मध्ये रायन दोषी ठरले आणि त्यांना साडेसहा वर्षांची कैद झाली.

रायन यांच्या कारभाराला विटलेल्या मतदारांपुढे ब्लागोयेविच सुधारणेचे आश्वासन घेऊन उभे राहिले. मतदारांनी विश्वास ठेवला. २००६ मध्ये त्यांना पुन्हा निवडून दिले. मात्र तोपर्यंत त्यांच्याच भोवती तपासाचे जाळे विणले जाऊ लागले होते. त्यांच्यासाठी निधी गोळा करणारे टोनी रेझको जून २००८ मध्ये न्यायालयात दोषी ठरले. राज्याचे कंत्राट हवे, समितीवर जागा हवी, तर गव्हर्नरच्या निवडणूक निधीला हातभार लावा, अशी ती पद्धत होती.

दूरध्वनीवरील संभाषणे

२००८ च्या शरद ऋतूत तपास यंत्रणेने न्यायालयाच्या परवानगीने गव्हर्नरचे दूरध्वनी ध्वनिमुद्रित करण्यास प्रारंभ केला. घाई गव्हर्नरलाही होती. राज्याशी मोठे व्यवहार करणाऱ्या कंत्राटदारांनी त्या व्यवहारांवर अधिकार असणाऱ्या पदाधिकाऱ्याला देणग्या देऊ नयेत, असा नवा कायदा १ जानेवारी २००९ पासून लागू होणार होता. गव्हर्नरने तो आपल्या दुरुस्त्यांसह परत पाठवून अडवण्याचा प्रयत्न केला होता. विधिमंडळाने त्याला न जुमानता तो मंजूर केला. तेव्हा कायदा लागू होण्याआधी वर्षअखेरपर्यंत २५ लाख डॉलर जमा करायचे, असा त्यांचा इरादा असल्याचे तपास यंत्रणेने न्यायालयात सादर केलेल्या तक्रारपत्रात म्हटले होते. भ्रष्टाचार रोखणारा कायदा येत आहे म्हणून भ्रष्टाचाराचा वेग वाढावा, यापेक्षा मोठी विसंगती कोणती?

ध्वनिमुद्रणात सापडलेल्या संभाषणांतून एक चित्र उभे राहिले. ओबामांची रिकामी जागा ही आपल्या हाती आलेली सोन्यासारखी वस्तू आहे आणि ती फुकट द्यायची नाही, असे गव्हर्नर आपल्या सहकाऱ्यांना सांगत होते. तिच्या मोबदल्यात केंद्रीय मंत्रिमंडळात स्थान मिळेल का, एखाद्या देशात राजदूत म्हणून जाता येईल का, एखाद्या संस्थेत भरघोस पगाराची नोकरी मिळेल का, पत्नीला कंपन्यांच्या संचालक मंडळावर घेतले जाईल का, अशी चाचपणी चालली होती. एका इच्छुकाच्या वतीने आपल्याला पाच लाख आणि नंतर आणखी दहा लाख डॉलर निवडणूक निधी उभा करून देण्याचा निरोप आला, असेही ते बोलले होते. ओबामांच्या गोटाकडून कृतज्ञतेखेरीज काही मिळणार नाही, हे कळल्यावर त्यांनी वापरलेली भाषा छापण्याजोगी नाही. ओबामांवर मात्र कोणताही ठपका आला नाही.

सिनेटच्या जागेचा हा सौदा वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकला. त्याच तक्रारपत्रातील एक दुसरी नोंद त्या मानाने दुर्लक्षित राहिली. शिकागोतील लहान मुलांच्या एका प्रसिद्ध रुग्णालयाला राज्याकडून सुमारे ८० लाख डॉलरची वाढीव रक्कम मिळणार होती. गरीब कुटुंबांतील मुलांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या शुल्काची ती रक्कम होती. तिच्या बदल्यात रुग्णालयाच्या प्रमुखाकडून ५० हजार डॉलरची देणगी मिळावी, अशी अपेक्षा ठेवल्याचे तक्रारपत्रात नमूद होते. देणगी आली नाही, तेव्हा ती रक्कम मागे घेता येईल का, अशी विचारणा गव्हर्नरने आपल्या सहकाऱ्याकडे केली, तीही ध्वनिमुद्रित झाली. सिनेटची जागा ही बड्या माणसांची खुर्ची होती. येथे आजारी बालकांच्या खाटेपर्यंत सौद्याचा हात पोचला होता. या प्रकरणाचे गांभीर्य जाणून घ्यायचे असेल तर मथळ्यांकडे पाहण्याऐवजी या नोंदीकडे पाहावे.

घोड्यांच्या शर्यतींच्या उद्योगाला लाभ देणाऱ्या विधेयकावर सही करण्यापूर्वी त्या उद्योगातील एका व्यक्तीकडून एक लाख डॉलरची देणगी मिळवण्याचा प्रयत्नही पुढे न्यायालयात सिद्ध झाला. ‘शिकागो ट्रिब्यून’च्या संपादकीय विभागात गव्हर्नरवर टीका करणारे लेखक होते. त्यांना नोकरीवरून काढा, मग तुमच्या कंपनीच्या मालकीचे बेसबॉलचे मैदान विकण्यास राज्य मदत करील, असा दबाव आणल्याचा आरोपही तक्रारपत्रात होता. कोणालाही काढले गेले नाही, ही त्या वृत्तपत्राच्या दृष्टीने समाधानाची बाब.

महाभियोग आणि राजकीय पडसाद

अटकेनंतर गव्हर्नर राजीनामा देतील, असे सर्वांनाच वाटले. त्यांनी तो दिला नाही. उलट ३० डिसेंबर २००८ रोजी त्यांनी ओबामांच्या जागेवर राज्याचे माजी महाधिवक्ता रोलंड बर्रिस यांची नेमणूक जाहीर केली. या जागेवर आफ्रिकन-अमेरिकन सदस्यच असावा, अशी भावना अनेकांच्या मनात होती. ओबामा गेल्यावर सिनेटमध्ये त्या समाजाचा एकही सदस्य उरला नव्हता. बर्रिस हे त्याच समाजातील ज्येष्ठ नेते होते. नेमणूक नाकारावी तर समाजाचा रोष, स्वीकारावी तर कलंकित हातांनी केलेली सही मान्य केल्यासारखे, अशा कात्रीत गव्हर्नरने स्वपक्षीयांना पकडले. सिनेटने बर्रिस यांना आधी दारातून परत पाठवले आणि १५ जानेवारी २००९ रोजी सन्मानाने आत घेतले. कायद्याने गव्हर्नरचा अधिकार शाबूत होता आणि कायद्यापुढे पेच चालत नाही.

दरम्यान इलिनॉयच्या प्रतिनिधीगृहाने ९ जानेवारी रोजी ११४ विरुद्ध १ मतांनी महाभियोग मंजूर केला. त्या कारवाईचे सूत्रधार होते प्रतिनिधीगृहाचे सभापती मायकेल मॅडिगन. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. राज्याच्या सिनेटपुढे सुनावणी सुरू झाली तेव्हा गव्हर्नर न्यूयॉर्कला जाऊन दूरचित्रवाणीवर मुलाखती देत होते. अखेरच्या दिवशी ते सभागृहात आले आणि आपण निर्दोष असल्याचे लांबलचक भाषण केले. २९ जानेवारी २००९ रोजी सिनेटने ५९ विरुद्ध शून्य मतांनी त्यांना पदच्युत केले आणि पुन्हा राज्यात कोणतेही पद भूषवण्यास मनाई केली. महाभियोगाने पद गमावणारे ते इलिनॉयचे पहिलेच गव्हर्नर ठरले. उपगव्हर्नर पॅट क्विन यांनी त्याच दिवशी सूत्रे हाती घेतली. दोन आठवड्यांनी लिंकन यांची द्विशताब्दी साजरी व्हायची होती.

राजकीय किंमत डेमोक्रॅटिक पक्षाने मोजली. बर्रिस यांनी नेमणुकीसंदर्भात दिलेल्या माहितीवरून नवे वाद उद्भवले आणि त्यांनी २०१० ची निवडणूक लढवलीच नाही. ओबामांची ती जागा त्या वर्षीच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे मार्क कर्क यांनी जिंकली. राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या राज्यातील, स्वतःची जागा विरोधी पक्षाकडे गेली. क्विन यांनी मात्र गव्हर्नरपद अगदी थोड्या मतांनी राखले.

देणगी कोणती आणि लाच कोणती?

न्यायालयातील लढाई बरीच काळ चालली. ऑगस्ट २०१० मध्ये पहिल्या खटल्यातील पंचांना चोवीसपैकी केवळ एका आरोपावर एकमत करता आले. तपास यंत्रणेला खोटी माहिती दिल्याचा तो आरोप होता. दुसऱ्या खटल्यात, २७ जून २०११ रोजी, वीसपैकी सतरा आरोपांवर गव्हर्नर दोषी ठरले. न्यायाधीश जेम्स झेगल यांनी त्यांना चौदा वर्षांची कैद सुनावली आणि मार्च २०१२ मध्ये ते कोलोराडो राज्यातील तुरुंगात दाखल झाले.

पहिले पंच का अडखळले? याचे उत्तर महत्त्वाचे आहे. बचाव पक्षाचे म्हणणे असे होते की, गव्हर्नरच्या खिशात एक छदामही आला नाही, कोणताही व्यवहार पूर्णत्वास गेला नाही. ते केवळ बोलत होते आणि असे बोलणे म्हणजेच राजकारण. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. अमेरिकेत निवडणुकीसाठी देणगी मागणे हा गुन्हा नाही. देणगी देणाऱ्याला सरकारकडून काही हवे असणे हाही गुन्हा नाही. अमुक काम करतो, त्याबद्दल अमुक रक्कम दे, अशी उघड देवाणघेवाण ठरली तरच ती लाच. मग ताकाला जाऊन भांडे लपवणारे राजकारणी सुटतात आणि भांडे वाजवत जाणारा पकडला जातो. ब्लागोयेविच यांचे वेगळेपण इतकेच की, जे इतर जण सूचकतेने करतात ते त्यांनी दूरध्वनीवर स्पष्ट शब्दांत केले.

वरिष्ठ न्यायालयाने २०१५ मध्ये ही सीमारेषा आणखी स्पष्ट केली. सिनेटच्या जागेच्या मोबदल्यात मंत्रिपद मागणे ही राजकीय देवाणघेवाण आहे, ती अशोभनीय असली तरी त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, असे म्हणून न्यायालयाने पाच आरोप रद्द केले. जागेच्या बदल्यात पैसा मागणे, रुग्णालयाकडून देणगी उकळण्याचा प्रयत्न करणे, हे आरोप मात्र कायम राहिले. चौदा वर्षांची शिक्षाही २०१६ मध्ये पुन्हा तेवढीच ठेवण्यात आली. पुढच्या काळात तेथील सर्वोच्च न्यायालयाने लाचेची व्याख्या उत्तरोत्तर अरुंद केली. २०१६ मध्ये व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर बॉब मॅकडॉनेल यांची शिक्षा एकमताने रद्द झाली. एका उद्योजकाकडून घेतलेल्या मौल्यवान भेटवस्तू आणि कर्जे यांचा संबंध सरकारी ‘अधिकृत कृती’शी पुरेसा जोडला गेला नव्हता. २०२४ मध्ये इंडियाना राज्यातील एका माजी महापौराच्या प्रकरणात, काम झाल्यानंतर कृतज्ञतेपोटी दिलेली रक्कम केंद्रीय कायद्याच्या संबंधित कलमाखाली लाच ठरत नाही, असा निर्णय बहुमताने दिला गेला.

न्यायालयांची भूमिका समजण्यासारखी आहे. कायदा संदिग्ध असेल तर सरकारी वकिलाच्या हाती राजकीय विरोधकाला छळण्याचे हत्यार येते. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा की, फौजदारी कायद्याच्या भरवशावर सार्वजनिक जीवन शुद्ध राहील ही अपेक्षा व्यर्थ आहे. जे जे गुन्हा नाही ते ते योग्य आहे, असे मानणारा समाज लवकरच अशा ठिकाणी पोचतो, जेथे गुन्हाही उरत नाही आणि योग्यही उरत नाही.

माणसे बदलली, वाट तीच राहिली

इलिनॉयमध्ये ब्लागोयेविच यांचे प्रकरण अपवाद नव्हते. १९६० च्या दशकातील गव्हर्नर ऑटो कर्नर १९७३ मध्ये शर्यतीच्या मैदानाच्या समभागांच्या प्रकरणात दोषी ठरले. १९७० च्या दशकातील डॅन वॉकर पद सोडल्यानंतरच्या आर्थिक गैरव्यवहारात १९८७ मध्ये दोषी ठरले. त्यानंतर रायन आणि मग ब्लागोयेविच. अर्ध्या शतकात चार गव्हर्नर तुरुंगात गेले. त्यांत दोन्ही पक्षांचे लोक होते.

२००९ च्या संतापाच्या लाटेत काही सुधारणा निश्चितच झाल्या. निवडणूक देणग्यांवर प्रथमच कमाल मर्यादा घालण्यात आली. तोवर इलिनॉयमध्ये कोणीही कितीही रक्कम देऊ शकत होता. गव्हर्नरला मुदतीआधी परत बोलावण्याचा हक्क २०१० मध्ये मतदारांनी राज्यघटनेत समाविष्ट केला. हे यश नगण्य नाही. मात्र देणग्यांवरील मर्यादेत एक वाट मोकळी ठेवली गेली. मुख्य निवडणुकीच्या वेळी पक्ष आपल्या उमेदवाराला हवी तेवढी मदत देऊ शकत होता. पक्षाच्या तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती होती? राज्यातील डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदही सभापती मॅडिगन यांच्याकडेच होते.

या ठिकाणी मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले नाव पुन्हा येते. मॅडिगन छत्तीस वर्षे सभापती होते. अमेरिकेच्या इतिहासात राज्य विधिमंडळाचे इतका काळ नेतृत्व दुसऱ्या कोणीही केलेले नाही. गव्हर्नर आले आणि गेले, ते स्थिर राहिले. शिकागोला वीज पुरवणाऱ्या कॉमएड कंपनीने त्यांची मर्जी राखण्यासाठी त्यांच्या निकटवर्तीयांना कामे आणि पैसे दिल्याचे प्रकरण पुढे आले. २०२० मध्ये त्या कंपनीने २० कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. २०२१ मध्ये मॅडिगन यांचे सभापतिपद गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना दहा आरोपांवर दोषी ठरवले आणि जूनमध्ये साडेसात वर्षांची कैद सुनावली. ज्याने भ्रष्ट गव्हर्नरवर महाभियोग चालवला, तोही अखेर त्याच वाटेने गेला. ये रे माझ्या मागल्या!

या घटनाक्रमाकडे शांतपणे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. रायन यांना विटून जनतेने ब्लागोयेविच निवडले. ब्लागोयेविच यांना हटवण्याचे श्रेय मॅडिगन यांना मिळाले. प्रत्येक वेळी दोष एका माणसावर टाकला गेला, तो माणूस दूर झाला आणि जनतेने सुटकेचा निःश्वास टाकला. ज्या व्यवस्थेतून तो माणूस घडला ती तशीच राहिली. अनिर्बंध देणग्या, एका हाती एकवटलेला अधिकार आणि ‘सगळेच असे करतात’ ही सर्वमान्य समजूत या तीन खांबांवर ती उभी आहे. हे खांब न हलवता वरचा माणूस बदलणे म्हणजे गळक्या छपराखाली दर पावसाळ्यात नवे भांडे ठेवण्यासारखे आहे.

क्षमा आणि न्याय

१८ फेब्रुवारी २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ब्लागोयेविच यांची उर्वरित शिक्षा माफ केली. सुमारे आठ वर्षे तुरुंगात काढून ते घरी परतले. २०१० मध्ये ट्रम्प यांच्याच दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात ते सहभागी झाले होते. शिक्षेतील ही सूट देऊ नये, असे आवाहन इलिनॉयमधील रिपब्लिकन लोकप्रतिनिधींनीही केले होते. १० फेब्रुवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी त्यांना संपूर्ण क्षमादान दिले. दोनच दिवसांनी मॅडिगन यांच्यावरील निकाल लागला.

चौदा वर्षांची शिक्षा जास्त होती, असे प्रामाणिकपणे म्हणणारे लोक आहेत. रायन यांना त्याच्या निम्म्याहून कमी शिक्षा झाली होती. वडिलांविना वाढलेल्या दोन मुलींचे दुःखही खरे होते. दयेला न्यायव्यवस्थेत स्थान असावे, यात शंका नाही. परंतु क्षमेच्या आधी अपराधाची कबुली यावी लागते, हे प्रत्येक घरातील आई आपल्या मुलाला शिकवते. २०११ मध्ये शिक्षेच्या वेळी ब्लागोयेविच यांनी न्यायाधीशांपुढे दिलगिरी व्यक्त केली होती. २०२० मध्ये बाहेर येताच त्यांनी स्वतःला ‘राजकीय कैदी’ म्हणवून घेतले. दिलगिरी मागे पडली आणि क्षमा मात्र मिळाली. अशी क्षमा अपराध्याला मुक्त करते, पण ज्यांचा अपराध केला गेला त्यांना काहीच देत नाही. त्या रुग्णालयातील बालकांच्या वतीने कोणी बोलले नाही.

एक निर्णय मात्र राष्ट्राध्यक्षांच्या लेखणीला पुसता आला नाही. २००९ मध्ये इलिनॉयच्या सिनेटने घातलेली राज्यातील पदांवरची बंदी कायम आहे. ती उठवण्यासाठी ब्लागोयेविच यांनी दाखल केलेला दावा २०२४ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी फेटाळला. केंद्रीय गुन्ह्याची शिक्षा राष्ट्राध्यक्ष माफ करू शकतात. जनतेच्या प्रतिनिधींनी विश्वासघाताबद्दल दिलेला निकाल त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. या साऱ्या कहाणीत हाच निर्णय सर्वांत टिकाऊ ठरला, आणि तो एका सहीने झालेला नव्हता. एकोणसाठ सदस्यांनी, पक्षभेद विसरून, सर्वांसमक्ष मत देऊन तो घेतला होता.

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची, असे आपण म्हणतो. इलिनॉयने चार वेळा कुंपणाची काठी बदलून पाहिली. शेताची राखण त्याने झाली नाही. पैसा कोठून येतो हे उघड असणे, एकाच्या सहीवर इतरांचा अंकुश असणे आणि निवडून दिल्यानंतरही नागरिकांनी पाठ न फिरवणे, एवढ्याच गोष्टींनी ती होते. या तिन्ही गोष्टी निवडणुकीच्या दिवसापुरत्या नसतात. त्या रोजच्या असतात. सुधारणेचे आश्वासन देणारा पुढचा उमेदवार दारात येईल तेव्हा त्याचा चेहरा किती आश्वासक आहे हे पाहण्याआधी त्याचा निवडणूक निधी कोणी भरला, हा साधा प्रश्न विचारावा. इलिनॉयच्या मतदारांनी २००२ मध्ये तो पुरेशा आग्रहाने विचारला असता तर कदाचित २००८ ची ती पहाट उगवली नसती.